शिल्लक रकमेचा शोध : तारकागुच्छांतील हीलियम

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी वक्त्याने साहित्य, संगीत अथवा संतवाङ्मय यांपैकी एखादा विषय घ्यावा, असा आपल्याकडील प्रघात आहे. आम्ही मात्र आज एका वायूचा हिशेब घेऊन आपल्यापुढे उभे आहोत. आम्ही कला शाखेचे पदवीधर. आमची नोकरी केंद्र शासनाच्या लेखापरीक्षणाची, म्हणजे इतरांनी मांडलेले हिशेब तपासण्याची. ज्योतिःशास्त्र हा आमचा व्यवसाय नव्हे; तो आमचा अनेक वर्षांचा व्यासंग आहे. तथापि आजचा विषय निवडण्याचे कारण आमच्या व्यवसायातच दडलेले आहे.

लेखापरीक्षकास एका प्रकारच्या नोंदीचा विशेष संशय असतो. एकूण बेरीज ठाऊक आहे, इतर सर्व रकमांच्या पावत्या आहेत, आणि उरलेली एक रक्कम मात्र कोणत्याही पावतीवाचून, केवळ बेरीज जुळावी म्हणून लिहिलेली आहे. अशी नोंद खोटीच असते असे नव्हे. पण तिला स्वतःचा पुरावा नसतो, आणि पुरावा नसलेली नोंद जितकी मोठी तितका सबंध ताळेबंद डळमळीत, हे उघड आहे. ताऱ्यांच्या हिशेबात हीलियम ही दीर्घकाळ अशीच एक नोंद होती. आणि ती लहान नव्हती. ताऱ्याच्या वस्तुमानातील सुमारे चौथा हिस्सा या एका नोंदीत बसतो. त्या नोंदीस पावती कशी मिळाली, आणि ती मिळवीत असता जुन्या ताऱ्यांविषयीची एक प्रतिष्ठित समजूत कशी बदलावी लागली, हे आज सांगावयाचे आहे.

प्रथम या वायूची ओळख करून घेऊ. १८ ऑगस्ट १८६८ रोजी भारतातून एक खग्रास सूर्यग्रहण दिसले. फ्रेंच ज्योतिर्विद झांसेन याने त्यासाठी आंध्रातील गुंटूर येथे तळ दिला होता. ग्रहणकाळी सूर्याच्या कडेवरील ज्वालांच्या वर्णपटात त्याला तेजस्वी रेषा दिसल्या. आणि त्या इतक्या ठळक होत्या की दुसऱ्या दिवशी, ग्रहण नसतानाही, त्या पाहता येतात हे त्याने दाखवून दिले. याच सुमारास इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर याने २० ऑक्टोबर १८६८ रोजी स्वतंत्रपणे तसाच वेध घेतला. त्या रेषांपैकी एक पिवळी रेषा सोडियमच्या सुप्रसिद्ध जोडरेषेच्या जवळ, परंतु तिच्याशी न जुळणारी होती. पृथ्वीवरील कोणत्याही ज्ञात द्रव्याची ती नव्हती. सूर्याच्या ग्रीक नावावरून या अज्ञात द्रव्यास हीलियम हे नाव मिळाले. पुढे १८९५ मध्ये रॅम्झी यास क्लेव्हाइट नावाच्या युरेनियमयुक्त खनिजातून बाहेर पडणाऱ्या वायूत तीच रेषा आढळली, आणि सूर्यावर सापडलेले द्रव्य सत्तावीस वर्षांनी पृथ्वीवर हाती आले.

येथे एक खुलासा करणे अवश्य आहे, कारण तो आपल्या प्रांताशी निगडित आहे. विजयदुर्ग किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवितात, आणि लॉकियरने तेथूनच १८६८ साली हीलियमचा शोध लावला असे पुष्कळदा सांगण्यात येते. लॉकियर विजयदुर्गास आला हे खरे. पण तो आला २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. तोवर हीलियम प्रयोगशाळेच्या नळीत बंद होऊन तीन वर्षे लोटली होती. विजयदुर्गाची थोरवी अशा चुकीच्या नोंदीवर अवलंबून नाही, तेव्हा ती दुरुस्त करण्यास संकोच नसावा.

आता मुख्य अडचणीकडे वळू. जो वायू सूर्याच्या प्रकाशात सापडला, तो ताऱ्यांच्या प्रकाशात सहज मोजता यावयास हवा, असे आपणांस वाटेल. वस्तुस्थिती उलट आहे. ताऱ्याच्या वर्णपटात ज्या काळ्या रेषा दिसतात, त्या त्याच्या पृष्ठभागावरील अणूंनी ठराविक रंगांचा प्रकाश शोषल्यामुळे उमटतात. अणूने तो शोषावा यासाठी त्याचा इलेक्ट्रॉन योग्य पायरीवर असावा लागतो. सोडियमचा अणू आपल्या मूळ पायरीवरूनच पिवळा प्रकाश शोषू शकतो. हीलियमचे तसे नाही. त्याची ती पिवळी रेषा उमटण्यासाठी इलेक्ट्रॉन आधीच जवळजवळ २१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट उंचीच्या पायरीवर चढलेला असावा लागतो. एवढी चढण चढविण्याइतकी उष्णता बहुसंख्य ताऱ्यांच्या पृष्ठभागावर नसतेच. सूर्याचा पृष्ठभाग सुमारे ५,८०० केल्विन, म्हणून तेथील हीलियम मुका. ग्रहणात जी रेषा दिसली ती पृष्ठभागाच्या वरील, अधिक तप्त व विरळ थरांतील होती.

कोणत्या तापमानास कोणते द्रव्य बोलेल आणि कोणते मौन धरील, याचे गणित कोलकात्याच्या मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडले. त्यांच्या आयनीभवनाच्या समीकरणाचा आधार घेऊन सिसिलिया पेन या तरुणीने १९२५ मध्ये हार्वर्ड येथे सादर केलेल्या प्रबंधात ताऱ्यांचे घटक मोजले. तारे मुख्यतः हायड्रोजन व हीलियम यांचेच बनलेले असावेत, असे तिच्या आकड्यांवरून निघत होते. हे इतके अनपेक्षित होते की ज्येष्ठ शास्त्रज्ञ रसेल यांच्या आक्षेपामुळे तिला आपल्याच प्रबंधात हा निष्कर्ष बहुधा खरा नसावा असे लिहावे लागले. चारच वर्षांनी, १९२९ मध्ये, रसेल यांनीच हायड्रोजनच्या विपुलतेस मान्यता दिली.

तेव्हापासून ताऱ्याचा ताळेबंद असा मांडला जाऊ लागला : लोह, मॅग्नेशियम, सोडियम इत्यादी जड द्रव्ये रेषांवरून मोजावयाची, ती एकूण वस्तुमानाच्या शेकडा एक-दोन, आणि प्राचीन ताऱ्यांत तर त्याहूनही पुष्कळ कमी. बाकीचे हायड्रोजन व हीलियम. यांतील हीलियमचा वाटा मात्र बहुतेक वेळा मोजला जात नसे. तो गृहीत धरला जाई. विश्वाच्या आरंभीच्या काही मिनिटांत जे हीलियम तयार झाले त्याचे प्रमाण आजच्या गणनेनुसार वस्तुमानाच्या शेकडा २४.७ इतके आहे. प्राचीन ताऱ्यांना हाच वाटा वडिलोपार्जित मिळालेला असणार, असे धरून पुढील सर्व गणित चाले.

हे गृहीत जेथे सर्वाधिक भरवशाचे वाटावे असे स्थळ म्हणजे गोलाकार तारकागुच्छ. काही हजारांपासून लाखो ताऱ्यांपर्यंत, गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेले हे चेंडूसारखे समूह आपल्या आकाशगंगेभोवती दीडशेहून अधिक आहेत. त्यांतील बहुतेकांचे वय सुमारे बाराशे कोटी वर्षे व त्यापुढेही आहे. त्यांतील सर्वांत मोठा जो ओमेगा सेंटॉरी, तो नरतुरंग तारकासमूहात आहे. दक्षिणेत राहणाऱ्या आम्हां मंडळींना तो पाहण्याची सोय उत्तरेतील आप्तेष्टांपेक्षा अधिक आहे. मे महिन्याच्या अखेरीस रात्री नऊच्या सुमारास चित्रा नक्षत्राच्या थेट खाली दक्षिणेकडे पाहावे. शहराच्या दिव्यांपासून दूर, क्षितिजापासून तीसएक अंशांवर तो नुसत्या डोळ्यांना धूसर ताऱ्यासारखा दिसतो. तो अस्पष्ट ठिपका म्हणजे सतरा हजार प्रकाशवर्षांवरील सुमारे एक कोटी ताऱ्यांची वसाहत आहे. ज्येष्ठा ताऱ्याच्या शेजारी असलेला एम ४ हा गुच्छ त्याहून पुष्कळ जवळचा, सुमारे सहा हजार प्रकाशवर्षांवरील. तो साध्या दुर्बिणीतून दिसतो.

पाठ्यपुस्तकांत अशा गुच्छाची व्याख्या ठरलेली होती : एकाच वेळी, एकाच मेघातून, एकाच मिश्रणाचे जन्मलेले तारे. त्यांच्यांत भेद असेल तर तो केवळ वस्तुमानाचा. या व्याख्येवर ताऱ्यांच्या जीवनक्रमाचे आपले बहुतेक ज्ञान उभे आहे. जड तारा आपले इंधन लवकर संपवितो, हलका तारा सावकाश. त्यामुळे एकाच गुच्छात ताऱ्याच्या आयुष्याच्या सर्व अवस्था एकाच वेळी पाहावयास मिळतात. गाभ्यात हायड्रोजन जाळणारे तारे मुख्य श्रेणीवर असतात. गाभ्यातील हायड्रोजन संपला की तारा फुगतो, बाहेरून थंडावतो आणि तांबडा राक्षसी तारा होतो. पुढे गाभ्यातील हीलियम पेटते व त्याचे कार्बनमध्ये रूपांतर होऊ लागते. तेव्हा तो क्षैतिज शाखेवर येतो. रंग व तेज यांचा आलेख काढला असता ही शाखा आडवी दिसते, म्हणून हे नाव. राक्षसी आणि क्षैतिज शाखेवरील तारे हे उत्क्रांत, म्हणजे उतारवयातील तारे होत. आपल्या मोजणीचा रोख त्यांच्यावर आहे.

येथे एक शंका साहजिकच उद्भवते. तारा आयुष्यभर हीलियमच तयार करीत असेल, तर उतारवयातील ताऱ्यात हीलियम अधिक सापडणारच. त्यात नवल ते काय? आमच्या भाषेत बोलावयाचे तर आरंभीची शिल्लक आणि वर्षातील आवक यांची गल्लत होऊ नये. याचे उत्तर असे की ताऱ्याने स्वतः मिळविलेले हीलियम गाभ्यात कुलूपबंद असते. राक्षसी अवस्थेच्या आरंभी ताऱ्याचे बाह्य थर खोलवर ढवळले जातात, त्यावेळी त्यातील थोडेसे वर येते. पण या ढवळण्याने पृष्ठभागावरील हीलियमचा वाटा शेकडा एक-दोनांनीच वाढतो. त्याहून मोठा फरक आढळल्यास तो ताऱ्याची स्वतःची कमाई नसून जन्मतःच मिळालेला ठेवा होय, असे समजावयास हरकत नाही.

हीलियम मोजण्याचा पहिला मार्ग वर्णपटाचा नव्हता. तो शिरगणतीचा होता. एखाद्या अवस्थेत तारे जितका काळ राहतात, तितकी त्या अवस्थेतील ताऱ्यांची संख्या अधिक असणार. हीलियमचा मूळ वाटा अधिक असेल तर क्षैतिज शाखा अधिक तेजस्वी होते, आणि तिच्याहून वरच्या तेजाचे राक्षसी तारे संख्येने कमी उरतात. म्हणून क्षैतिज शाखेवरील ताऱ्यांची संख्या भागिले त्या शाखेहून तेजस्वी अशा राक्षसी ताऱ्यांची संख्या, या गुणोत्तरावरून हीलियमचे अनुमान करता येते. ही युक्ती १९६८ मध्ये आयबेन यांनी सुचविली. २००४ मध्ये सालारिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी ५७ गुच्छांतील अशी गणती करून हीलियमचा वाटा ०.२५०, कमीअधिक ०.००६, असा काढला. विश्वारंभीच्या वाट्याशी हा आकडा उत्तम जुळत होता. ताळेबंद जुळला असे कोणालाही वाटावे.

परंतु सरासरी जुळली म्हणजे प्रत्येक नोंद बरोबर ठरते असे नाही. त्याच २००४ साली बेदिन व सहकाऱ्यांनी हबल अवकाश दुर्बिणीच्या साहाय्याने ओमेगा सेंटॉरीचा आलेख काढला. त्यात मुख्य श्रेणीची एक रेघ दिसावयाची तेथे स्पष्ट दोन दिसल्या, एक तांबूस व एक निळसर. २००५ मध्ये पिओट्टो व त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही रेघांवरील ताऱ्यांचे वर्णपट घेतले आणि कोडे अधिकच बिकट झाले. नियमाप्रमाणे जड द्रव्ये अधिक असलेला तारा तांबूस दिसावा. येथे निळसर ताऱ्यांतच जड द्रव्ये अधिक निघाली. हे घडवून आणील असे स्पष्टीकरण एकच पुढे आले. ते म्हणजे निळसर ताऱ्यांत हीलियमचा वाटा ०.३५ ते ०.४५ इतका प्रचंड असावा. हीलियम वाढले की ताऱ्यातील द्रव्य सरासरीने जड व अधिक पारदर्शक होते. तारा अधिक तप्त, अधिक तेजस्वी व अधिक अल्पायुषी होतो. २००७ मध्ये एनजीसी २८०८ या गुच्छात तर मुख्य श्रेणीच्या तीन रेघा आढळल्या. ज्या तारकासमूहात अगस्त्य तारा आहे, त्याच समूहात हा गुच्छ आहे.

याचा अर्थ असा की गुच्छ बाहेरून एकसंध दिसत असला तरी आत एकाहून अधिक पिढ्या नांदत होत्या. पन्नास वर्षे पूर्ण केलेल्या मंडळास हे नवीन नाही. पण ज्योतिर्विदांस मात्र ‘एक गुच्छ, एक मिश्रण’ ही व्याख्या सोडावी लागणार होती. एवढा मोठा निर्णय केवळ रंगांवरून काढलेल्या अनुमानावर घ्यावयाचा काय? निळसर रंगाचा खुलासा हीलियमने होतो हे मान्य. परंतु तोही शिल्लक रकमेचाच एक प्रकार झाला. हीलियमची स्वतःची पावती हवी होती. मुख्य श्रेणीवरील ते तारे अत्यंत अंधुक आणि हीलियमच्या रेषांसाठी फारच थंड. म्हणून शोध वळला तो त्याच गुच्छांतील तेजस्वी, उत्क्रांत ताऱ्यांकडे.

त्यातही पहिली संधी क्षैतिज शाखेच्या निळ्या टोकाकडील ताऱ्यांत होती. तेथे पृष्ठभाग पुरेसा तप्त असल्याने तीच जुनी पिवळी रेषा, ५,८७६ अँगस्ट्रॉमची, शोषणरेषा म्हणून उमटते. परंतु ही खिडकी फार अरुंद आहे. पृष्ठभागाचे तापमान साडेआठ-नऊ हजार केल्विनच्या खाली गेले की रेषा दिसेनाशी होते. उलट ते सुमारे ११,५०० केल्विनच्या वर गेले की निराळेच विघ्न येते. ग्रुंडाल व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याच तापमानाशी क्षैतिज शाखेत एक तुटकपणा दाखविला होता. यापलीकडील ताऱ्यांचे बाह्य थर इतके शांत असतात की हीलियम आपल्या भाराने खाली बसते आणि लोहासारखी द्रव्ये प्रकाशाच्या दाबाने वर ढकलली जातात. अशा ताऱ्यात हीलियम भरपूर असूनही पृष्ठभागावर कमी दिसते. तात्पर्य, तीनएक हजार केल्विनांच्या पट्ट्यात बसणारे तारे तेवढेच साक्षीस घेण्याजोगे.

या खिडकीतून विलानोवा, पिओट्टो व ग्रॅटन यांनी २००९ मध्ये एनजीसी ६७५२ या गुच्छाकडे पाहिले. त्यांना मिळालेला आकडा ०.२४५, कमीअधिक ०.०१२, म्हणजे वडिलोपार्जित वाटा जसाच्या तसा. यावरून मोजण्याची रीत विश्वासार्ह आहे एवढे ठरले. २०१२ मध्ये त्याच पद्धतीने एम ४ मधील निळ्या ताऱ्यांसाठी ०.२९ हा आकडा आला. २०१४ मध्ये मारिनो व सहकाऱ्यांनी एनजीसी २८०८ मधील निळ्या ताऱ्यांत ०.३४ इतके हीलियम मोजले. या शेवटच्या आकड्यास दोन प्रकारच्या चुकांची मर्यादा जोडली आहे : अंतर्गत ०.०१ आणि पद्धतीतील ०.०५. पहिली चूक मोजणाऱ्याच्या हाताची, दुसरी मापाचीच. वजने करणारा कितीही काळजीपूर्वक वजन करो, तराजूचा काटाच सरकलेला असेल तर सर्व वजने एकाच बाजूस चुकतात. ती मर्यादा निराळी दाखविण्याचा प्रामाणिकपणा आम्हांस फार मोलाचा वाटतो. दुसरी मर्यादा धरली तरीही आकडा ०.२४७ च्या वरच राहतो.

दुसरी संधी तांबड्या राक्षसी ताऱ्यांत शोधावी लागली. यांचा पृष्ठभाग चार-साडेचार हजार केल्विनचा, म्हणजे सूर्याहूनही थंड. तेथे हीलियम बोलण्याची आशाच नाही. परंतु सूर्याप्रमाणेच यांच्या पृष्ठभागावरही तप्त व विरळ असे वर्णमंडल असते. तेथे हीलियमची अवरक्त विभागातील एक रेषा, १०,८३० अँगस्ट्रॉमची, उमटू शकते. या रेषेची खालची पायरी अशी आहे की तेथे पोहोचलेला इलेक्ट्रॉन सहजासहजी खाली उतरत नाही. त्यामुळे विरळ थरातही रेषा ठळक होण्यास अवसर मिळतो. २०११ मध्ये आंद्रेया डुप्री व सहकाऱ्यांनी ओमेगा सेंटॉरीतील एकसारख्या बारा राक्षसी ताऱ्यांचे वेध घेतले. पाचांत ती रेषा मिळाली, सातांत मिळाली नाही. आणि ज्यांत मिळाली त्यांत सोडियम व ॲल्युमिनियम यांचेही प्रमाण वाढलेले होते. त्याच वर्षी पास्क्विनी व सहकाऱ्यांनी एनजीसी २८०८ मधील दोन राक्षसी ताऱ्यांची तुलना करून त्यांच्या हीलियमच्या वाट्यांत किमान ०.१७ चे अंतर असावे असे दाखविले.

वर्णमंडलाचे गणित मात्र अवघड आहे, कारण तेथील तापमान व घनता दोन्ही अनिश्चित असतात. २०१३ मध्ये डुप्री व ॲव्हरेट यांनी ओमेगा सेंटॉरीतील दोन ताऱ्यांसाठी हे सविस्तर गणित केले. एका ताऱ्यात ०.३९ ते ०.४४, तर दुसऱ्यात ०.२२ हून अधिक नाही, असे उत्तर आले. आता ०.२२ हा आकडा विश्वारंभीच्या वाट्याहूनही कमी आहे. आरंभीच्या शिलकेपेक्षा कमी रक्कम तिजोरीत कशी असेल? तेव्हा अशा मोजणीत एकेका आकड्यावर भर देण्यापेक्षा दोन ताऱ्यांतील फरकावर भर देणे अधिक सुरक्षित, असे आमचे मत आहे. तो फरक मात्र मोठा आहे, हे निर्विवाद.

तिसरा मार्ग आपल्या देशात, आपल्या फार जवळ, अनुसरला गेला, आणि तो आमच्या विशेष आवडीचा आहे. तामिळनाडूतील जवादी टेकड्यांत कावलूर येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेची वेधशाळा आहे. तेथील २.३४ मीटर व्यासाच्या दुर्बिणीस वेणू बाप्पू यांचे नाव १९८६ मध्ये देण्यात आले. आजच्या जगातील महाकाय दुर्बिणींच्या तुलनेत ती मध्यमच म्हणावी लागेल. या दुर्बिणीतून घेतलेल्या साध्या वर्णपटांच्या आधारे बी. पी. हेमा व गजेंद्र पांडे यांनी ओमेगा सेंटॉरीच्या राक्षसी ताऱ्यांचा अभ्यास केला. त्यांनी हीलियम शोधलेच नाही. त्यांनी हायड्रोजनची तूट शोधली.

युक्ती अशी. राक्षसी ताऱ्याच्या थंड पृष्ठभागावर मॅग्नेशियम व हायड्रोजन यांचे रेणू बनतात, आणि त्यांचा एक पट्टा वर्णपटाच्या हिरव्या भागात उमटतो. मॅग्नेशियम किती आहे हे त्याच्या स्वतःच्या अणूंच्या रेषांवरून कळते. तेवढ्या मॅग्नेशियमसाठी रेणूंचा पट्टा किती गडद असावा, हे गणिताने काढता येते. पट्टा अपेक्षेहून फिका निघाला तर मॅग्नेशियमचा जोडीदार, म्हणजे हायड्रोजन, कमी पडला आहे. दोन नोंदवह्यांत एकच व्यवहार लिहिलेला असावा आणि एकीतील रक्कम दुसरीशी जुळू नये, तसाच हा प्रकार आहे. हायड्रोजन कमी झाल्याने ताऱ्याच्या वातावरणाची पारदर्शकता बदलते व त्यामुळे सर्वच रेषांवर परिणाम होतो. म्हणून हीलियमची निरनिराळी प्रमाणे धरून वातावरणाचे नमुने तयार करावे लागतात, आणि ज्या नमुन्यात अणू व रेणू दोघेही मॅग्नेशियमची एकच रक्कम सांगतील तो नमुना ग्राह्य धरावयाचा.

२०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या शोधात असे हायड्रोजन-न्यून तारे हाती लागले. पुढे दक्षिण आफ्रिकेतील सॉल्ट या मोठ्या दुर्बिणीने, जिच्या भागीदारांत पुण्याची आयुका संस्थाही आहे, त्यांतील दोन ताऱ्यांचे सूक्ष्म वर्णपट मिळविले आणि निष्कर्ष पक्का झाला. २०२० मध्ये त्यांचे हीलियमही आकड्यांत मांडले गेले. रूढ प्रमाण असे की दर शंभर हायड्रोजन अणूंमागे दहा हीलियम अणू. या दोन ताऱ्यांत ते पंधरा व वीस निघाले, प्रत्येकी चारांच्या कमीअधिक मर्यादेत. तुलनेसाठी घेतलेल्या दुसऱ्या दोन ताऱ्यांत त्याच रीतीने दहाच आले. हीलियमचा अणू हायड्रोजनच्या चौपट जड. त्यामुळे शंभरास पंधरा म्हणजे वस्तुमानाने १६० पैकी ६०, अर्थात ०.३७५, आणि शंभरास वीस म्हणजे १८० पैकी ८०, अर्थात सुमारे ०.४४५. हा हिशेब श्रोत्यांनी घरी जाऊन कागदावर करून पाहावा, तो सुटतो.

आता सर्व नोंदी शेजारी शेजारी मांडून पाहू. ओमेगा सेंटॉरीच्या मुख्य श्रेणीच्या रंगांवरून ०.३५ ते ०.४५. वर्णमंडलातील अवरक्त रेषेवरून ०.३९ ते ०.४४. मॅग्नेशियमच्या ताळमेळावरून ०.३७५ ते ०.४४५. एक मार्ग रंगाचा, दुसरा तप्त विरळ वायूचा, तिसरा थंड रेणूंचा. या तिन्हींत चुका होण्याच्या जागा परस्परांहून अगदी भिन्न आहेत, आणि तरीही उत्तर एकाच टापूत येते. कोणत्याही एका मार्गास एकट्याने ही नोंद मंजूर करण्याचा अधिकार नव्हता; तिघांच्या साक्षीने तो प्राप्त झाला. मोठा हिशेब मान्य करण्याची याहून चांगली रीत आम्हांस ठाऊक नाही.

सर्वच नोंदींचा ताळमेळ लागला आहे, असे मात्र नाही. एम ४ मधील ०.२९ हा आकडा रंगांच्या मोजणीशी जुळत नाही. तेथे रंगांवरून दिसणारा फरक त्याहून पुष्कळ कमी आहे. आणि सर्वांत मोठी प्रलंबित बाब म्हणजे हे जादा हीलियम आले कोठून? पहिल्या पिढीतील सूर्याच्या चौपट ते आठपट वस्तुमानाच्या वृद्ध ताऱ्यांनी ते उधळले, वेगाने फिरणाऱ्या अतिजड ताऱ्यांनी उधळले, की त्याहूनही प्रचंड अशा ताऱ्यांनी, असे तर्क मांडले गेले आहेत. प्रत्येक तर्कात एक ना एक उणीव आहे. दुसऱ्या पिढीचे तारे इतके बहुसंख्य आहेत की पहिल्या पिढीने उधळलेले द्रव्य त्यांना पुरणे कठीण. जमेची बाजू सापडली आहे, पण ती रक्कम कोणत्या खात्यातून आली ते खाते अद्याप उघडावयाचे आहे.

कोणी विचारील, सरकारी तिजोरीतून वेधशाळा बांधून सतरा हजार प्रकाशवर्षांवरील ताऱ्याचे हीलियम मोजल्याने सामान्य माणसास काय लाभ? हा प्रश्न आमच्या खात्यात रोजच विचारला जातो आणि तो विचारला जावाच. आमचे उत्तर साधे आहे. प्राचीनतम ताऱ्यांचे वय हे विश्वाच्या वयाची खालची मर्यादा ठरविते, आणि ते वय ताऱ्यातील हीलियमचे प्रमाण धरूनच काढले जाते. ती रक्कम चुकली तर विश्वाच्या इतिहासाचे पुस्तकच चुकीच्या पानावर उघडते. अशी नोंद कोणीतरी तपासणे प्राप्तच होते. ती तपासणाऱ्यांत आपल्या देशातील एका टेकडीवरची मध्यम आकाराची दुर्बीण होती, ही गोष्ट खर्चाच्या बाजूस लिहावी की जमेच्या, हे आपणच ठरवावे.

गुंटूर व कावलूर ही दोन्ही स्थळे आपल्या या दक्षिण भारतातच आहेत. पहिल्या ठिकाणी तो वायू दिसला असता त्यास नावही नव्हते. त्यानंतर जवळजवळ दीडशे वर्षांनी दुसऱ्या ठिकाणी तो न दिसताही मोजण्याचा मार्ग सापडला. येत्या उन्हाळ्यात मंडळाने एखादी सहल शहराबाहेर न्यावी आणि चित्रेच्या खालचा तो धूसर ठिपका लहानथोरांस दाखवावा, अशी आमची पदाधिकाऱ्यांस विनंती आहे. दुर्बीण आम्ही घेऊन येऊ.